ताल आणि पाट : धायरीच्या शिवारातील दोन पाण्यांचा इतिहास

ज्या प्रांतात गडकिल्ल्यांच्या एकेका बुरुजाची कुळकथा लिहिली गेली, सनदा आणि महजर रुमालांत बांधून जपले गेले, त्याच प्रांतात शेतकऱ्याने ओढ्याच्या पोटात रचलेल्या दगडी तालीची मात्र कोणी बखर लिहिली नाही. याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. ताल कोणा एका धन्याने बांधलेली नसते, ती एका पिढीत पुरी होत नाही, आणि शिलालेख बसवावा इतका मोठा चिरा तिच्यात सहसा सापडत नाही. तथापि पुण्याच्या दक्षिणेकडील डोंगरउतारांवर माणसाची वस्ती टिकली ती जितकी तलवारीमुळे तितकीच या अनामिक रचाईमुळे टिकली, आणि आज पाणलोटक्षेत्र विकासात शेतकऱ्यांचा सहभाग हा जो विषय परिसंवादांतून व शासकीय परिपत्रकांतून वारंवार ऐकू येतो, त्याचा खरा पूर्वेतिहास या तालींपाशीच सुरू होतो.

धायरी हे हवेली तालुक्यातील गाव या इतिहासाच्या दृष्टीने मोठ्या सोयीच्या जागी वसलेले आहे. सिंहगडाकडून पूर्वेस कात्रजच्या घाटाकडे आणि पुढे भुलेश्वराकडे जी रांग जाते, तिचे फाटे उत्तरेकडे उतरत मुठेच्या खोऱ्यात विरतात. या उतारावर धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वडगाव अशी गावे एकमेकांस लागून आहेत. वरच्या अंगाला मुरमाड बरड आणि माळ, मध्यावर हलकी जमीन, खाली नदीकडे काळी कसदार पट्टी, अशी येथील शिवाराची सर्वसाधारण ठेवण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या उताराच्या कुशीतून खडकवासल्याचा उजवा कालवा गेला, आणि त्याने या टापूतील पाण्याचे दोन वेगळे इतिहास करून टाकले. कालव्याखाली सरकारचे पाणी आले, त्याच्याबरोबर पाणीपट्टी, अर्ज, पाटकरी व दप्तर आले. कालव्याच्या वर राहिले ते आभाळाचे पाणी, आणि ते अडवण्याचा भार ज्याच्या त्याच्या शिरावर. रायकर मळा, बेनकर वस्ती, चव्हाण बाग, गारमाळ ही नावे आज घरांच्या पत्त्यांत उरली असली, तरी मळा म्हणजे काय आणि माळ म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या दोन पाण्यांतील अंतर त्या नावांतही वाचता येते.

ताल घालण्याचे काम सुगीनंतर, रब्बीची मळणी आटोपून हाताला सवड झाली की निघे. नांगरटीत वर आलेले दगड बांधावर टाकलेलेच असत; ते वाहून घळीच्या तोंडाशी आणावयाचे, मोठे तळाशी, लहान वर, चुना नाही की माती नाही, अशी कोरडी रचाई करून ओढ्याच्या आडवा एक धक्का उभा करावयाचा. पहिल्या पावसात गढूळ पाणी त्या दगडांतून पाझरून जाई आणि गाळ मागे राही. दोन-चार वर्षांत गाळ तालीच्या माथ्याला भिडला की आणखी एक थर चढवावयाचा, जादा पाण्यासाठी एका बाजूस सांडवा मोकळा ठेवावयाचा. असे करता करता जेथे आजोबाच्या काळी नुसता खडक होता, तेथे नातवाच्या हाती ओल धरणारे सपाट वावर येई. याच तुकड्यात बरे धान्य पिके, आणि वाटणीच्या वेळी भावाभावांत तंटा लागे तो बहुधा याच तुकड्यावरून लागे. अभियंत्याच्या परिभाषेत याला मृदसंधारणाची रचना म्हणतात. शेतकऱ्याच्या हिशेबी ती जमीन मिळवण्याची युक्ती होती, आणि हा फरक ध्यानात ठेवणे जरूर आहे, कारण पुढील शंभर वर्षांच्या सरकारी प्रयत्नांचे यशापयश पुष्कळ अंशी या फरकावर ठरले.

दुसरी गोष्ट अशी की ताल एकट्याची असूनही एकट्याची नसे. वरच्या शेतकऱ्याची ताल फुटली की त्याच्या वावरातील माती आणि दगड घेऊन पाणी खालच्याच्या तालीवर आदळे, आणि एका रात्रीत पाच-सहा कुटुंबांची दहा वर्षांची मेहनत ओढ्यातून नदीला मिळे. म्हणून वरच्याची डागडुजी हा खालच्याच्या स्वार्थाचा भाग होता. त्यासाठी सावड होती, म्हणजे आज मी तुझ्या कामावर, उद्या तू माझ्या; आणि इर्जिक होते, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपली अवजारे, बैल घेऊन एका दिवसात एकाचे काम उरकावयाचे आणि त्याने संध्याकाळी सर्वांना जेवू घालावयाचे. या रिवाजांना उगाच सोज्ज्वळ रंग देण्याचे कारण नाही. बांध कोरणे हाही आमच्या ग्रामजीवनातील तितकाच जुना उद्योग आहे, भाऊबंदकीची निम्मी प्रकरणे वीतभर बांधावरून उपजलेली असतात, आणि सावडीत ज्याच्याकडे बैल नाही, जमीन नाही, त्याची गणना मजुरातच होई. शिवेचा वाद उभा राहिला की गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार-गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे, ज्याची साक्ष प्रमाण मानली जाई तो महार वतनदार गावाच्या एकेका ओढ्याचा आणि बांधाचा जाणकार असे. पण त्या ओढ्याच्या पाण्यावर त्याचा हक्क केवढा, हा प्रश्न मात्र गोतसभेने कधी मनावर घेतल्याचे दिसत नाही. शेतीच्या पाण्याबाबत तो प्रश्न विचारला जाण्यास १९७० नंतरचा काळ यावा लागला.

बांधाबरोबर झाडे येतात. दख्खनी शेतकऱ्याने बांधावर बाभूळ राखली ती शोभेसाठी नव्हे. नांगर, कुळव, गाडीचे आरे यांना तिचे चिवट लाकूड लागे, शेंगा शेळ्यांना, काट्या कुंपणाला, आणि तिची सावली इतकी विरळ की खालच्या पिकाला फारसा जाच नाही. लिंब, करंज, बोर, हिवर यांचीही अशीच सोय पाहून निवड होई, आणि विहिरीच्या कडेला आंबा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जे कलम आहे, त्यात रयतेने दीर्घकाळ जतन केलेल्या आंबा-फणसासारख्या झाडांना तिच्या मर्जीविरुद्ध हात लावू नये, जीर्ण झालेले झाड हवेच असेल तर धन्यास राजी करून व द्रव्य देऊन मगच तोडावे, असा स्पष्ट निर्देश आहे. राज्यकर्त्याने शेतकऱ्याच्या झाडावरील मालकी इतक्या निःसंदिग्ध शब्दांत मान्य करावी, हे पुढे जे घडले त्याच्या पार्श्वभूमीवर विशेष उठून दिसते.

शेतकऱ्याला जमीनसुधारणेत गोवण्याची जुन्या राजवटीची रीत सोपी आणि व्यवहारी होती. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीचा कारभार दादाजी कोंडदेव पाहत असता, दुष्काळाने व लढायांनी ओस पडलेला हा मुलूख पुन्हा लागवडीस आणण्यासाठी कौल आणि इस्तावा यांचा उपयोग झाला. कौल म्हणजे लागवडीस येणाऱ्याला सरकारने दिलेले अभयवचन; इस्तावा म्हणजे पडीक जमीन मोडणाऱ्याकडून पहिली काही वर्षे नाममात्र सारा घेऊन तो पायरीपायरीने पूर्ण दरापर्यंत चढवण्याची पद्धत. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास जे पत्र लिहिले, त्यात ज्याच्यापाशी बैल नाही त्यास बैलासाठी, आणि ज्यास पोटास नाही त्यास दाण्यासाठी मदत करावी, वसुली मात्र त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू करावी, असा आदेश आहे. या व्यवस्थेत ताल कोठे घालावी हे सरकार सांगत नसे. ते रयतेचे ज्ञान मानले जाई; सरकारने सवलत द्यावयाची व वाट पाहावयाची.

इंग्रजी अमलात वाट पाहण्याची ही वृत्ती राहिली नाही. १८६९ साली खडकवासल्यास मुठेवरील धरणाचे काम सुरू झाले, दहा-अकरा वर्षांनी ते पुरे झाले, आणि कर्नल फाइफ या अभियंत्याच्या नावाने त्या जलाशयास फाइफ तलाव म्हणू लागले. उजवा कालवा सुमारे ७० मैल लांबीचा. पुणे शहर, लष्कराची छावणी आणि पूर्वेकडील शेती या सर्वांस त्याने पाणी द्यावयाचे होते. हे बांधकाम आपल्या जागी थोरच होते. पण त्याच्या योजनेत शेतकरी कोठे होता, असे विचारले तर उत्तर एवढेच, की तो अर्जदार होता. पाणी केव्हा सुटेल, किती सुटेल आणि त्याची पट्टी काय, हे ठरवण्यात त्याला आवाज नव्हता. पहिली पुष्कळ वर्षे दख्खनमधील शेतकरी नव्या कालव्यांचे पाणी घेण्यास कचरत असे, आणि सरकारी अहवाल त्याचा दोष त्याच्या अज्ञानावर ढकलून मोकळे होत.

या अहवालांना खडसावून उत्तर देणारा माणूस पुण्यातच होता, आणि सरकारी बांधकामांचा कंत्राटदार या नात्याने त्याला या खात्याची आतली बाजू चांगली ठाऊक होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाटबंधारे खात्यातील अधिकाऱ्यांच्या बेपर्वाईवर कोरडे ओढले आहेतच, पण त्याहून महत्त्वाचे असे की, सरकारने लष्करातील व पोलिसातील रिकाम्या शिपायांकडून डोंगरउतारांवर जागोजागी ताली व बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरून मग ओढ्यानाल्यांस मिळेल, अशी सूचना त्यांनी केली आहे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवत यावे हे जे सूत्र आज पाणलोटाच्या प्रत्येक प्रशिक्षणवर्गात सांगितले जाते, त्याचे इतके स्वच्छ प्रतिपादन त्या काळी अन्यत्र क्वचितच आढळेल. माझ्या मते आधुनिक महाराष्ट्रातील जलसंधारणविचाराचा आरंभ एखाद्या खात्याच्या स्थापनेपासून न धरता या पुस्तकापासून धरावा.

माथा मात्र तोवर रयतेच्या हातून निसटत चालला होता. १८७८ च्या वनकायद्यानंतर सह्याद्रीच्या फाट्यांवरील पुष्कळशा जमिनी राखीव जंगलात गेल्या. माथा सरकारचा आणि पायथा खातेदाराचा, अशी एकाच पाणलोटाची दोन दप्तरांत वाटणी झाली, ती अद्यापि तशीच आहे. पायथ्याच्या खातेदारासाठी १८८३ चा जमीनसुधारणा कर्जाचा आणि १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा असे दोन तगाई कायदे झाले. तालीसाठी, विहिरीसाठी तगाई मिळू शके. परंतु कुलकर्ण्याच्या उताऱ्यापासून मामलेदाराच्या शेऱ्यापर्यंतचा प्रवास इतका लांबे की गरजू माणूस सावकाराचा जिना चढणेच पसंत करी.

पुढे शास्त्रज्ञ आले. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर फिरून अभ्यास केला व तो १९१७ साली प्रसिद्ध झाला; जमिनीचे बारीक तुकडे आणि कर्ज यांखाली दबलेला दख्खनी कुणबी त्यात प्रथमच आकड्यांनिशी उभा राहिला. मांजरीस १९२३ पासून आणि सोलापुरास १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे प्रयोग झाले. त्यांत मॅनसाहेबांचे एकेकाळचे सहकारी ना. वि. कानिटकर यांचे नाव अग्रभागी आहे. पावसाचे किती पाणी वाहून जाते आणि त्याबरोबर माती किती जाते, हे मोजून पाहण्याचे श्रेय या मंडळींचे. त्यांच्या कामातून बांधबंदिस्तीला शास्त्राचे पाठबळ मिळाले, आणि १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने तिला कायद्याचे हात दिले.

येथे मात्र गाडे रुतले. शास्त्राप्रमाणे बांध समपातळीच्या रेषेवर घालावयाचा. समपातळीची रेषा तर कोणाच्या सातबाऱ्याला विचारून जात नाही. ती एकाच्या वावरातून तिरकी शिरते, दुसऱ्याच्या कोपऱ्यातून निघते, तुकडा आणखी तुटतो, औताला वळण घेता येत नाही, आणि अडलेले पाणी भलत्याच्याच पिकात साचते. योजना जाहीर होई, हरकती मागवल्या जात, त्या फेटाळल्याही जात. काम खाते करी, खर्चाचा काही भाग सरकार सोशी आणि उरलेला खातेदाराकडून वसूल होई. शेतकऱ्याला बांध नको होता असे नव्हे, त्याचा धुऱ्यावरचा बांध तो पूर्वापार घालीतच होता. दुसऱ्याने आखलेला, शेताच्या मधून जाणारा बांध त्याला परका वाटला, आणि अधिकाऱ्याची पाठ फिरताच कित्येकांनी तो नांगराखाली घातला. खात्याच्या कागदोपत्री हेक्टर वाढत राहिले.

१९७२ च्या दुष्काळाने हे चित्र एका अर्थी बदलले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती, वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला यातूनच १९७७ च्या कायद्याचे स्वरूप मिळाले. नालाबांध, पाझर तलाव, बांधबंदिस्ती यांची अगणित कामे झाली, लाखो कुटुंबे तगली. या योजनेचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण कामावरचा माणूस हजेरीपटावरील मजूर होता. आपण खोदलेल्या तलावात पाणी साठले तर त्यावर आपला हक्क काय, हे त्याला कोणी सांगितले नाही.

हा प्रश्न ज्यांनी उभा केला ते विलासराव साळुंखे शेतकरी नव्हते, पुण्यातील कारखानदार अभियंते होते. धायरीच्या डोंगरापलीकडे पुरंदर तालुका लागतो. तेथील खडी फोडणारी माणसे १९७२ च्या दुष्काळात पाहून त्यांनी १९७४ च्या सुमारास ग्रामगौरव प्रतिष्ठान काढले आणि नायगाव येथे देवस्थानाची ४० एकर उजाड डोंगरउताराची जमीन खंडाने घेतली. माथ्यापासून बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, खालच्या विहिरीतून पाणी उचलून वर दिले, झाडे लावली. इतके कोणीही द्रव्यवान माणूस करू शकला असता. साळुंख्यांचे वेगळेपण पुढच्या नियमांत आहे. पाणी जमिनीच्या मालकीवर न मोजता माणसावर मोजावे, माणशी अर्धा एकर, कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हिस्सा, जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकले जाऊ नये, ऊस लावू नये, खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी जमवावा. पाणी पंचायत हे नाव त्याला पडले. खानदेशात पांझरा आणि तिच्या आसपासच्या नद्यांवर फड पद्धतीने शेतकऱ्यांनी शतकानुशतके आपसांत पाणी वाटून घेतले, पाटकरी व जागले स्वतः नेमले. पण तो फडही जमीनधारकांचाच होता. ज्याच्यापाशी तसूभर जमीन नाही त्याला पाण्याचा धनी ठरवणे ही गोष्ट आमच्या ग्रामव्यवस्थेत अपूर्व होती, आणि म्हणूनच तिला विरोधही झाला. २००२ साली साळुंखे निवर्तले. वीजबिले, पंपांची दुरुस्ती, उसाचा मोह यांनी पुढे काही योजनांना ग्रासले हे खरे. तरी सहभाग या शब्दाला जो काही ठोस अर्थ महाराष्ट्रात आला, तो प्रथम नायगावात आला असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

त्यानंतरचा इतिहास बहुतेकांच्या स्मरणात आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. राळेगणसिद्धी, आडगाव, हिवरे बाजार ही नावे गाजली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे शब्द ग्रामसभांच्या ठरावांत आले. १९९२ साली सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निघाले. त्याच सुमारास फादर हर्मन बाखर यांच्या खटपटीतून आलेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने एक चांगली अट घातली: निधी मागण्यापूर्वी गावाने घरटी चार दिवस श्रमदान करून दाखवावे, आणि पैसा गावाच्या समितीच्या खात्यावर यावा. धायरीपासून मुठेच्या पलीकडे वारजे येथे ज्या बाएफ संस्थेचे मुख्य ठाणे आहे, त्या मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनच्या आश्रमातून उभ्या केलेल्या संस्थेने १९८२ पासून गुजरातेतील वांसद्याच्या आदिवासी कुटुंबांत वाडीचा प्रयोग केला. एकरभर उतारावर आंबा-काजूची कलमे, मधल्या मोकळ्या जागेत धान्य, कडेने सरपणाची व कुंपणाची झाडे. पुढे हाच प्रयोग जव्हारकडे आला. नाव नवे असले तरी बाभळी राखणाऱ्या कुणब्याला त्यात अनोळखी असे फार थोडे वाटले असते.

धायरीत मात्र तोवर शेतीच मागे सरत होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्या अकरा गावांचा पुणे महानगरपालिकेत समावेश झाला, त्यांत धायरी आहे. आणि त्यापूर्वीच पुष्कळ तालींवर भराव पडून त्यांच्यावर घरे उभी राहिली होती. शेतकरी गेला म्हणून उतार गेला नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला जो पूर आला, त्याने दक्षिण पुण्यात वीसहून अधिक माणसांचे प्राण घेतले. पाणलोटक्षेत्र हे शेतीखात्याचे प्रकरण आहे, नागरिकांचे नव्हे, ही समजूत त्या रात्रीनंतर कोणी बाळगू नये.

इस्ताव्यापासून आजपर्यंतच्या या हकिकतीत मला एक भेद ठळक दिसतो. जेथे आखणीच्या आधी माणसाला विचारले, हिस्सा आधी ठरवला आणि मग कुदळ उचलली, तेथे काम राहिले. जेथे आराखडा वरून आला आणि समिती नंतर सह्यांपुरती बनवली गेली, तेथे बांधही गेला आणि समितीही गेली. महानगरपालिकेत आलेल्या धायरी, नऱ्हे, आंबेगाव, नांदेड, खडकवासला या गावांचे नाले आता पुन्हा आखले जाणार आहेत. ज्यांनी या शिवारांत स्वतः औत धरले अशी वडीलधारी माणसे अजून त्या गावांत आहेत, आणि जुने गावनकाशे व फाळण्या भूमिअभिलेख कार्यालयातून नकलेचे पैसे भरून मिळतात. तेथील तरुणांनी ते नकाशे घेऊन या वडिलांजवळ बसावे, कोणता ओढा कोठून वाहत होता, ताली कोठे होत्या, विहिरीला पाझर कोणत्या अंगाने येई, हे त्यांवर उतरवून घ्यावे, आणि पावसाळी वाहिन्यांची निविदा निघण्यापूर्वी ते क्षेत्रीय कार्यालयात लेखी दाखल करून पोच घ्यावी.